गोळीने दंड उतरतात का?

बालमित्रांनो, दंडाची बेटकुळी फुगवून दाखवायला कोणाला आवडत नाही? माझ्या चौथीच्या वर्गात मधल्या सुट्टीत हाच खेळ चालतो. आजची गोष्ट मात्र एका खऱ्याखुऱ्या बेटकुळीवाल्याची आहे.

पवनी तालुक्यातले आमचे अड्याळ. चहूकडे धानाची शेते. माझ्या शेजारी बारावीतला एक मुलगा राहतो, माझाच जुना विद्यार्थी. रोज न चुकता व्यायामशाळेत जायचा. शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरायचे त्याने ठरवले होते. धानाची कापणी आटोपली आणि नेमका त्याला ताप भरला. रक्त तपासले तर टायफॉइड! डॉक्टरांनी अँटिबायोटिकच्या, म्हणजे प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या आणि बजावले, "ताप उतरला तरी मध्येच सोडायच्या नाहीत."

पाचव्या दिवशी ताप उतरला. गडी आरशासमोर उभा राहिला तर काय? दंड उतरलेले, गाल बसलेले, वजन चार किलोने कमी! व्यायामशाळेतल्या एका मोठ्या मुलाने लगेच निदान केले, "अँटिबायोटिकनं बॉडी गळते. बंद कर त्या गोळ्या."

झाले! उरलेल्या गोळ्या फडताळात गेल्या. त्याची आई माझ्याकडे आली. "गुरुजी, तुम्हीच याले समजावून सांगा जी. माझं काही आयकत नाही." मी त्याला बोलावले. तो म्हणाला, "गुरुजी, गोळीनं ताकद जाते न?" खरे सांगतो, मला ठाम उत्तर देता आले नाही. "डॉक्टरांना विचार," एवढेच मी म्हणालो. तो गेला नाही. दोन आठवड्यांत ताप पुन्हा उलटला आणि त्याला भंडाऱ्याच्या दवाखान्यात भरती करावे लागले. स्पर्धा हुकली. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही, याची चुटपुट माझ्या मनाला लागून राहिली. मग मी डॉक्टरांना विचारले, पुस्तके वाचली. जे कळले ते तुम्हालाही सांगतो.

पहिला प्रश्न. गोळी स्नायू खाते का? नाही. जिवाणूच्या पेशीभोवती एक भिंत असते. पेनिसिलिन ती भिंत नीट बांधू देत नाही, म्हणून जिवाणू फुटून मरतो. आपल्या स्नायूंच्या पेशींना अशी भिंतच नसते. मग पेनिसिलिन पाडणार काय? दुसरी काही प्रतिजैविके जिवाणूचा प्रथिने बनवण्याचा कारखाना बंद पाडतात. तो कारखानाही आपल्या पेशींतल्या कारखान्यापेक्षा वेगळ्या बांधणीचा असतो.

मग त्याचे चार किलो गेले कुठे? ते तापाने नेले! अंगातला ताप एक अंश सेल्सिअसने वाढला, की शरीराचा खर्च साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. तोंडाला तर चव नसते, जेवण जात नाही. मग शरीर स्नायूंतली प्रथिने मोडून जंतूंशी लढायला वापरते. त्यात खाटेवर पडून राहणे. धडधाकट तरुणाला आठवडाभर नुसते झोपवून ठेवले, तरी त्याच्या पायांचे स्नायू कमी होतात. चोरी केली तापाने आणि आळ आला गोळीवर!

पण मुलांनो, गोळी अगदी साधीभोळी आहे असेही समजू नका. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या गटातल्या औषधांनी क्वचित स्नायुबंध दुखावतो. स्नायुबंध म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. टाचेच्या वरचा जाड दोर हाताने चाचपून पाहा. तोच जास्त करून दुखावतो, कधी तुटतोही. २००८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांवर ठळक चौकटीत तसा इशारा छापायला लावला. साठीच्या पुढच्या माणसांना आणि सोबत स्टेरॉइड घेणाऱ्यांना हा धोका जास्त. म्हणून वजने उचलणाऱ्याने डॉक्टरांना आधीच सांगावे, "मी व्यायाम करतो." गोळ्या चालू असताना टाच किंवा खांदा दुखू लागला, तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावे.

आणखी एक गंमत ऐका. आपल्या आतड्यात कोट्यवधी उपयोगी जिवाणू राहतात. प्रतिजैविक त्यांनाही मारते, म्हणून कधी कधी हगवण लागते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेल्या धावपटू उंदरांना दहा दिवस प्रतिजैविके दिली. २०२२ साली त्यांनी निष्कर्ष सांगितला, की त्या उंदरांचे धावणे २१ टक्क्यांनी घटले. साध्या उंदरांवर मात्र तसा परिणाम दिसला नाही. अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे!

आणि दूध? पैलवान गडी गोळीही दुधासोबत घेतो. पण टेट्रासायक्लिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन यांना दुधातले कॅल्शियम धरून ठेवते आणि औषध रक्तात कमी जाते. म्हणून गोळी कशासोबत घ्यायची, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे.

आता अर्धवट सोडलेल्या औषधाची एक खरी हकीगत. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनमध्ये पेनिसिलिन सापडले. १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या आजारी पोलिसाला ते टोचले. तो सुधारू लागला, जेवू लागला. पण पाच दिवसांत औषधच संपले! त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढूनही ते पुरले नाही. जंतू पुन्हा उसळले आणि मार्चमध्ये तो वारला. पुढे १९५४ साली आपल्या पुण्याजवळ पिंपरीला 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पेनिसिलिन आपल्या देशात बनू लागले. त्या पोलिसाला औषध पुरले नाही. आपल्याजवळ ते असते आणि आपण ते फडताळात टाकतो! अर्धवट औषधाने वाचलेले जंतू पुढे त्या औषधाला दाद देईनासे होतात. १९४५ साली नोबेल पारितोषिक घेतानाच्या भाषणात फ्लेमिंग यांनीही असाच इशारा दिला होता.

आईबाबांनाही एक विनंती. मुलाची शाळा किंवा स्पर्धा बुडू नये म्हणून साध्या सर्दी-पडशाला औषधाच्या दुकानातून अशा गोळ्या आणू नका. सर्दी विषाणूंमुळे होते आणि त्यांच्यावर प्रतिजैविक चालत नाही. तापात व्यायामही करू देऊ नका. काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाच सूज आणतात, तेव्हा जोर काढणे जिवावर बेतू शकते.

तो मुलगा दुसऱ्या खेपेला शहाणा झाला. त्याने सगळ्या गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तितके दिवस घेतल्या. बरा झाल्यावर पहिले काही दिवस नुसता चालला. मग डॉक्टरांना विचारून निम्म्या वजनापासून सुरुवात केली. वरण-भात, अंडी, दूध, फुटाणे चालूच होते. तीनेक महिन्यांत गेलेले दंड परत आले. परवा मला म्हणाला, "गुरुजी, मले कोणी इचारलं तर मीच सांगतो आता."

मुलांनो, आज घरी एक काम करा. औषधांच्या पाकिटांवर उभी लाल रेघ आहे का, ते मोठ्यांसोबत पाहा. ती रेघ म्हणजे 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका' अशी खूण. २०१६ साली केंद्र सरकारने तिची मोहीमच काढली होती. आणि फडताळात कोणाच्या उरलेल्या गोळ्या सापडल्या, तर आईला नक्की विचारा, "ह्या का उरल्या गं?"