सर्टिफिकेट घ्यायचंय? आधी नोकरीचं नाव सांगा

निकाल लागला की घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'आता एखादा कॉम्प्युटरचा कोर्स करून टाक.' तुमच्याकडे हे कोण म्हणतं? आमच्याकडे रायपूरला आधी बाबा म्हणाले. मग शेजारच्या काकूंनी 'पीजीडीसीए करा, सरकारी भरतीत लागतं' असं सुचवलं आणि संध्याकाळी नागपूरहून मावशीचा फोन आला, "एमएस-सीआयटी तरी करून घे गं!" तिघांच्या मनात तीन वेगळे कोर्स होते, पण आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय असंच तिघांना वाटत होतं.

मी इंग्रजी घेऊन बीए झाले होते. आयटीत जायचं एवढंच ठरलं होतं, पण तिथे नेमकं काय करायचं ते नाही. एका संस्थेच्या फलकावर '१०० टक्के प्लेसमेंट' लिहिलेलं होतं, तेवढं आम्हाला पुरलं. फी ४८ हजार, 'सोप्या हप्त्यांत'. बाबांनी सह्या केल्या. तीन महिन्यांत दोनदा सर बदलले, चौथ्या महिन्यात वर्ग भरणंच बंद झालं. हप्ते मात्र चालू राहिले, कारण ते संस्थेचे हप्ते नव्हतेच. बाबांनी सह्या केल्या होत्या त्या एका फायनान्स कंपनीच्या कर्जावर. सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट मला मिळालं, पण एकाही मुलाखतीत ते कुणी हातात घेऊन पाहिलं नाही.

यंदा माझा धाकटा भाऊ बीकॉम झाला आणि घरात पुन्हा तोच विषय निघाला. त्यामुळे या वेळी आम्ही जरा नीट चौकशी केली. ती तुमच्याही कामी येईल.

डीसीए, एमएस-सीआयटी आणि आयटी

छत्तीसगडमध्ये पटवारी, सहायक ग्रेड-३, डाटा एंट्री ऑपरेटर अशा पदांसाठी एक वर्षाचा संगणक डिप्लोमा मागतात. म्हणून इथे गल्लोगल्ली डीसीए आणि पीजीडीसीएचे फलक दिसतात. तुमचं लक्ष्य सरकारी भरती असेल तर हा डिप्लोमा उपयोगाचा आहे. फक्त तो मान्यताप्राप्त विद्यापीठाचा हवा. गल्लीतली संस्था बहुतेक वेळा नुसतं अभ्यासकेंद्र असते, तेव्हा गुणपत्रिकेवर कोणाचं नाव येणार ते प्रवेशाआधी विचारा.

एमएस-सीआयटी हा महाराष्ट्राचा कोर्स. एमकेसीएलने तो २००१ साली सुरू केला आणि महाराष्ट्रातल्या सरकारी नोकऱ्यांसाठी तो चालतो. मावशीचं तिच्या जागी बरोबरच होतं. पण रायपूरला राहून छत्तीसगडच्या भरतीची तयारी करणाऱ्याने मावशीचं ऐकण्याआधी जाहिरातीतली पात्रता वाचावी.

आणि आयटी कंपनीत काम हवं असेल, तर या दोन्हींचा फारसा उपयोग नाही. त्यातून संगणक वापरायची सवय लागते. नेटवर्क बिघडलं तर काय करायचं, सर्व्हर कसा उभा करायचा, सॉफ्टवेअरमधली चूक कशी शोधायची, हे शिकायला वेगळी वाट आहे.

वीस जाहिराती वाचा

कोणता कोर्स करू, असा प्रश्न आला की मी आता उलट विचारते, नोकरी कोणती? 'आयटीत' हे उत्तर चालत नाही. 'हॉस्पिटलमध्ये काम करायचंय' म्हटलं तर त्यात डॉक्टरही आला आणि औषधांचा हिशेब ठेवणाराही!

एखाद्या रविवारी मुलासोबत बसा. नोकरीच्या कोणत्याही मोठ्या पोर्टलवर कामाचं नाव टाका: डेस्कटॉप सपोर्ट, नेटवर्क इंजिनीअर, सॉफ्टवेअर टेस्टर, क्लाउड सपोर्ट. शहर रायपूर टाका, मग नागपूर, मग पुणे. अनुभव शून्य ते एक वर्ष. वीस जाहिराती उघडा आणि प्रत्येकीत मागितलेली कौशल्यं, सर्टिफिकेट आणि पदवी वहीत लिहा. जे नाव पुन्हा पुन्हा येतं त्याचाच विचार करायचा. आमची वही दोन तासांत भरली. बाबा चष्मा लावून शेजारी बसले होते. 'पदवी कोणतीही चालेल' असं दिसलं की ते खूण करायचे.

त्या खुणा फार नव्हत्या, हे आधीच सांगते. प्रोग्रॅमिंगच्या बऱ्याच जागांना बीई, बीसीए किंवा बीएससी लागतं आणि कोणतंही सर्टिफिकेट ती अट पुसून टाकत नाही. बीए, बीकॉमवाल्यांना सपोर्ट, टेस्टिंग, बॅक ऑफिस या बाजूने शिरणं सोपं जातं. कोर्स विकणारा माणूस हे सहसा सांगत नाही.

कोणत्या कामाला काय

संगणक दुरुस्ती आणि हेल्पडेस्ककडे जायचं असेल तर कॉम्पटियाचं ए-प्लस सर्वत्र ओळखलं जातं. त्याच्या दोन परीक्षा असतात, म्हणजे फीही दोनदा. ते महाग वाटलं तर कोर्सेरावरचं गूगलचं आयटी सपोर्ट सर्टिफिकेट सुरुवातीला बरं. मात्र ते कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र आहे. देखरेखीखाली परीक्षा घेऊन दिलेलं नाही. हा फरक लक्षात ठेवा, कंपन्याही ठेवतात.

नेटवर्किंगसाठी सिस्कोचं सीसीएनए. २०२० पासून त्याची एकच परीक्षा असते, दोन तासांची. फी ३०० डॉलर, म्हणजे करासह तीस हजारांच्या आसपास. ऐकून आई दचकलीच. पण अभ्यासाला एवढा खर्च येत नाही. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीचे सुरुवातीचे कोर्स ऑनलाइन मोफत आहेत आणि 'पॅकेट ट्रेसर' नावाचं त्यांचं सॉफ्टवेअरही मोफत मिळतं. त्यात खोटे राउटर, खोट्या तारा जोडून पडद्यावर अख्खं ऑफिस उभं करता येतं. भावाने आमच्या घराचं नेटवर्क बनवलं आणि आजीच्या खोलीला वेगळा स्विच दिला. महिनाभर हे करूनही कंटाळा आला नाही, तरच परीक्षेचे पैसे भरायचे, असा आमच्यात करार झाला.

क्लाउडच्या बाजूला अॅमेझॉनचं क्लाउड प्रॅक्टिशनर १०० डॉलरचं आहे, दीड तासाची परीक्षा. मायक्रोसॉफ्टचं अझूर फंडामेंटल्स त्याच पातळीचं. या दोन्हींमुळे तुम्हाला भाषा कळते, काम येतंच असं नाही. नोकरीच्या दृष्टीने त्यापुढची असोसिएट पातळी जास्त कामाची. मुदतही पाहा: अॅमेझॉन आणि सिस्कोची सर्टिफिकेट तीन वर्षं चालतात, मायक्रोसॉफ्टची असोसिएट पातळीची एक वर्ष, पण त्यांचं नूतनीकरण ऑनलाइन मोफत होतं. अझूर फंडामेंटल्स मात्र संपत नाही.

टेस्टिंगसाठी आयएसटीक्यूबीची फाउंडेशन पातळी बघा. मधल्या काळात नोकरी सुटलेल्या आणि बारकाईने काम करणाऱ्या मैत्रिणींना मी हीच सुचवते. लिनक्सचं रेड हॅटचं आरएचसीएसए मला सगळ्यात आवडलं, कारण त्यात पर्याय निवडायचे प्रश्नच नाहीत. चालू मशीनवर काम करून दाखवावं लागतं.

सायबर सिक्युरिटीबद्दल एक शब्द. 'एथिकल हॅकर व्हा' या जाहिराती मुलांना फार खुणावतात. पण ज्याला नेटवर्क कळत नाही तो त्याची राखण कशी करणार? आधी नेटवर्किंग, मग ते.

मे २०२५ मध्ये नवा रायपूरमध्ये एआय डेटा सेंटर पार्कचं भूमिपूजन झालं, तेव्हापासून इथे घरोघरी 'एआयचा कोर्स' सुरू झालाय. डेटा सेंटर चालवायला लागतात ती नेटवर्क, लिनक्स, वीज आणि कूलिंग सांभाळणारी माणसं, आणि इमारतीच्या आकाराच्या मानाने तीही थोडीच. त्या भरवशावर एखादा महागडा एआय डिप्लोमा घेऊ नका. एआय शिकायचंच असेल तर एनपीटीईएलवर आयआयटीचे प्राध्यापक मोफत शिकवतात. परीक्षा ऐच्छिक आहे, तिची फी प्रत्येक कोर्सला १००० रुपये आणि ती केंद्रावर जाऊन द्यावी लागते.

सही करण्याआधी

संस्थेत जायचंच असेल तर खुशाल जा, काहींना समोर शिकवणारं माणूस लागतं. पण फीमध्ये मूळ कंपनीच्या परीक्षेची फी धरलीय का, ते लेखी घ्या. अनेकदा मिळतं ते संस्थेचं स्वतःचं सर्टिफिकेट. हप्त्यांच्या कागदावर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव दिसलं तर ते कर्ज आहे, आणि क्लास बंद पडला तरी ते फेडावं लागू शकतं. प्लेसमेंटची 'हमी' म्हणजे काय, तेही विचारा. नुसत्या मुलाखती लावून देणार असतील तर ती हमी नव्हे.

टेलिग्रामवर 'डम्प्स' म्हणजे फुटलेले प्रश्न विकले जातात. त्यावर पास झाल्याचं कळलं तर सर्टिफिकेट रद्द होतं, पुढच्या परीक्षांवर बंदीही येऊ शकते. आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला पितळ उघडं पडतं ते वेगळंच.

परीक्षेच्या नोंदणीत नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या कागदपत्रांत इथेच घोळ होतो. कोणती ओळखपत्रं चालतात ते आधी वाचा, नाहीतर केंद्रावरून परत पाठवतात आणि फी जाते.

बऱ्याच परीक्षा घरूनही देता येतात. खोली रिकामी हवी, फोन दूर हवा आणि कॅमेरा सतत चालू. मध्येच कुणी आत आलं तर परीक्षा थांबवली जाऊ शकते. आमच्याकडे आजी दर तासाला चहा विचारायला येते आणि दार वाजवायची पद्धत तिला मान्य नाही. शिवाय पावसाळ्यात वीज कधी जाईल त्याचा नेम नसतो.

म्हणून भावाने केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायचं ठरवलंय. पाच महिने तो रोज दोन तास बसतोय, सकाळी एका दुकानात हिशेब लिहून फीचे पैसे साठवतोय. बाबांनी अर्धे देऊ केले होते, ते त्याने घेतले नाहीत. माझं शेवटचं कर्ज गेल्या वर्षीच फिटलंय, त्या पावत्या बाबांनी अजून जपून ठेवल्यात. परवा त्यांनी भावाला विचारलं, "पास झालास तर त्या सर्टिफिकेटला लॅमिनेशन करायचं ना?" ते डिजिटल असतं, कंपनीवाले लिंक उघडून तपासतात, असं त्याने समजावून सांगितलं. बाबांना ते पटलेलं नाही.