हाडाला सिरॅमिकचा मांडव

उन्हाळ्यात हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या बाजारांत माठ विकायला येतात. भाजलेल्या मातीतील सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते, त्याचे बाष्पीभवन होते आणि माठ गार राहतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. भट्टीत भाजलेला असाच एक सच्छिद्र पदार्थ आज अस्थिशल्यचिकित्सेत उपयोगी पडत आहे.

मोडलेले हाड बहुधा आपोआप सांधले जाते. परंतु अपघातात हाडाचा तुकडाच नाहीसा झाला, किंवा हाडातील गाठ काढावी लागली, तर पोकळी उरते. ती भरण्यासाठी रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढून बसवतात. तो उत्तम रुजतो. पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते. शिवाय लहान मुलाच्या कमरेतून हाड मिळणार तरी किती? दुसरा मार्ग दात्याच्या हाडाचा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात यासाठी १९८८ मध्ये ऊतिपेढी सुरू झाली. तेथे दात्यांची हाडे गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. पण दाते पुरेसे हवेत ना!

मग हाडाचे खनिज कृत्रिम रीतीने बनवले तर? १८९२ मध्ये ड्रेसमन या जर्मन शल्यचिकित्सकाने प्लास्टर ऑफ पॅरिस वापरून पाहिले. पण ते काही आठवड्यांतच विरघळते. हाडाच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खनिजांचा असतो. त्यांत मुख्य असते कॅल्शियम फॉस्फेट, आणि त्याची रचना हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट या संयुगासारखी असते. हे संयुग प्रयोगशाळेत बनवतात. त्याच्या भुकटीत जळून जाणारे कण मिसळून ती सुमारे १,२०० अंश सेल्सिअसला भाजतात. कण जळतात, त्यांच्या जागी छिद्रे राहतात.

ही छिद्रे माठाच्या छिद्रांहून बरीच मोठी, म्हणजे १०० मायक्रोमीटरपेक्षा अधिक रुंद आणि एकमेकांना जोडलेली असावी लागतात. मांडवावर वेल चढावा तशा त्यांतून रक्तवाहिन्या आणि अस्थिपेशी आत शिरतात व नवे हाड घडवतात. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट वर्षानुवर्षे टिकते. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट मात्र हळूहळू विरघळून नव्या हाडाला जागा करून देते. म्हणून पुष्कळदा दोन्हींचे मिश्रण वापरतात.

मात्र हा पदार्थ ठिसूळ असतो. भार पेलण्यासाठी धातूची पट्टी लावावी लागते. शिवाय मांडव म्हणजे वेल नव्हे! मोठ्या पोकळीत रुग्णाचे थोडे हाड किंवा अस्थिमज्जा मिसळावी लागते.

एक प्रयोग करून पाहा. कोंबडीचे स्वच्छ हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये ठेवा. खनिज विरघळून हाड रबरासारखे वाकू लागेल. जे विरघळून गेले, तेच सिरॅमिक पुरवते. बाकीचे काम जिवंत पेशींचे.