हौद, झरे आणि लातूरचें पाणी

काळ, काम आणि वेग यांचीं गणितें म्हटलीं कीं पुष्कळ मुलांच्या कपाळास आठ्या पडतात. अमुक मजूर, तमुक दिवस, हौदाचे इतके नळ, ही सारी परीक्षकानें रचलेली मायासृष्टि आहे असें त्यांस वाटतें. मग सूत्र पाठ करून त्यांत आंकडे घालणें एवढाच मार्ग उरतो. नांदेड व लातूर हीं आज मराठवाड्यांतील विद्यार्जनाचीं मोठीं केंद्रें आहेत. ‘लातूर पॅटर्न’ हे शब्द तर महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहेत. परंतु ज्या लातुरांत सहस्रावधि मुलें हौदाचीं गणितें सोडवितात, त्याच लातुरास २०१६ सालीं पाणी आगगाडीनें आणावें लागलें. पुस्तकांतील हौद आणि घरांतील हौद हे निराळे नव्हेत, हें मुलांस पटवून देण्यास याहून बोलकें उदाहरण शोधावयास नको.

या गणितांची किल्ली एकच आहे: प्रत्येक गोष्ट आधीं ‘एका’वर आणावी. भास्कराचार्यांनीं ११५० सालीं रचलेल्या ‘लीलावती’ ग्रंथांत याचें सुंदर उदाहरण आहे. चार झरे एकच हौद अनुक्रमें एका दिवसांत, अर्ध्या दिवसांत, तृतीयांश दिवसांत आणि षष्ठांश दिवसांत भरतात. चारही एकदम सोडल्यास तो किती वेळांत भरेल? उतावळा विद्यार्थी या काळांची बेरीज करतो आणि उत्तर देतो, दोन दिवस! म्हणजे सर्वांत मंद झरा एकटा जें काम एका दिवसांत करतो, तेंच चौघे मिळून दोन दिवसांत करणार. उत्तर लिहिण्यापूर्वीं तें व्यवहारास पटतें कीं नाहीं एवढें पाहिलें, तरी ही चूक टळते. वस्तुतः बेरीज काळाची करावयाची नसते, एका दिवसाच्या कामाची करावयाची असते. एका दिवसांत ते झरे क्रमानें १, २, ३ आणि ६ हौद भरतील, मिळून १२. तेव्हां एका हौदास दिवसाचा बारावा भाग, म्हणजे पांच घटका किंवा दोन तास पुरेत.

क्षेत्रफळाच्या गणितांसही हाच न्याय लागू आहे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. समजा, १३२ फूट लांब व ६६ फूट रुंद शेताची खुरपणी चार मजूर दोन दिवसांत करतात. शेताची लांबी व रुंदी दोन्ही दुप्पट केल्यास त्याच चौघांस किती दिवस लागतील? ‘चार’ हें उत्तर ओठांवर येतें, पण तें खरें नव्हे. पहिलें शेत आठ गुंठ्यांचें. म्हणजे एक मजूर एका दिवसांत एक गुंठा खुरपतो. दुसरें शेत सोळा नव्हे, बत्तीस गुंठ्यांचें आहे. म्हणून चौघांस आठ दिवस लागतील.

आतां लातूरकडे वळूं. मांजरा धरण आटल्यावर एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून ‘जलदूत’ गाडी आली. प्रथम दहा वाघिणींतून सुमारें पांच लाख लिटर पाणी येई. पुढें पन्नास वाघिणींतून सुमारें पंचवीस लाख लिटर येऊं लागलें. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें शहराची वस्ती पावणेचार लाखांहून अधिक होती. भागाकार केला तर एका मोठ्या खेपेचें पाणी दरडोई साडेसहा लिटरांच्या आसपास भरतें. एवढ्या खटाटोपाचें फळ माणशी एक लहान कळशी, हें त्या भागाकारानेंच कळतें.

याच गणिताची दुसरी बाजू आशेची आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, कीं तो बरोबर एक लिटर भरतो. एक गुंठा म्हणजे सुमारें १०० चौरस मीटर. तेवढ्या छपरावर वर्षांत ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५०,००० लिटर पाणी पडतें. म्हणजे त्या गाडीची एक वाघीण! पांचवा हिस्सा वाया गेला असें धरलें, तरी ४०,००० लिटर उरतें. पांच माणसांच्या कुटुंबानें माणशी रोज ५० लिटर वापरल्यास तें १६० दिवस पुरेल.

मात्र येथें गणिताची मर्यादाही ध्यानांत ठेवावी. ‘लीलावती’तील झरे अखंड व एकाच वेगानें वाहतात, पाऊस तसा पडत नाहीं. तो थोड्या दिवसांत कोसळतो, आणि एखाद्या वर्षीं पाठ फिरवितो. शिवाय ४०,००० लिटर पाणी एकदम साठवावयाचें तर पांच मीटर लांब, चार मीटर रुंद व दोन मीटर खोल टाकी हवी. सर्वांस ती परवडणार नाहीं. तेथें छपराचें पाणी गाळून विहिरींत किंवा कूपनलिकेंत मुरविणें हाच उपाय.

तेव्हां वडीलधाऱ्या मंडळींस एक विनंति आहे. सुटीच्या दिवशीं मुलांच्या हातीं मोजपट्टी द्यावी, आपल्याच घराचें छप्पर मोजावयास सांगावें आणि घरांत रोज किती बादल्या पाणी लागतें तेंही लिहून काढावयास लावावें. दोन्ही आंकडे शेजारीं मांडले, कीं काळ, काम व वेग यांचा अर्थ मुलांस निराळा समजावून सांगावा लागणार नाहीं. आणि नळ उगाच वाहतां ठेवणाऱ्या मोठ्यांसही तो कळेल.