नखीएवढी गोष्ट

गिटार घ्यायला गेलेला माणूस दुकानात काय काय पाहतो! लाकूड ठोकून बघतो, रंग निवडतो, कंपनीचे नाव विचारतो, पाचशे रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. शेवटी पावती करता करता दुकानदार प्लॅस्टिकचा एक त्रिकोणी तुकडा पिशवीत टाकतो आणि म्हणतो, "हे फ्री." त्या तुकड्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. गंमत अशी, की त्या हजारो रुपयांच्या वाद्यातला प्रत्येक सूर जन्माला येतो तो त्याच फुकटच्या तुकड्याच्या टोकावर.

इंग्रजीत त्याला पिक किंवा प्लेक्ट्रम म्हणतात. मराठीत त्यासाठी जुना आणि अगदी नेमका शब्द आहे : नखी. सतारवादक बोटात घालतो ती तारेची मिजराब म्हणजे नखीच. माणसाने तार छेडायला आधी स्वतःचे नख वापरले असणार. नख तुटते, झिजते, दुखते, म्हणून मग त्याच्या जागी दुसरे काहीतरी आले. अरबांनी ऊद या वाद्यासाठी गरुडाच्या पिसाची दांडी घेतली, जपान्यांनी हातपंख्याच्या आकाराची रुंद 'बाची' केली, सरोदियांनी नारळाची करवंटी घासून 'जवा' केला आणि आमच्या शाहिरांच्या साथीदाराने तुणतुण्यासाठी लाकडाचा छोटा तुकडा हाती धरला. प्रत्येकाचा आवाज निराळा. तो तसा का, हा आजचा विषय.

आमच्या मुरगूडला, म्हणजे कागल तालुक्यातल्या वेदगंगेकाठच्या या गावात, गिटार फार उशिरा आली. त्याआधी होता बेंजो. हा अमेरिकेतला कातड्याच्या तोंडाचा बेंजो नव्हे. लाकडी पेटीवर तारा, त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणे. डाव्या हाताने बटण दाबायचे आणि उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. काही भागांत याला बुलबुलतरंग म्हणतात. मूळ वाद्य जपानी. नागोया शहरातल्या गोरो मोरिता यांनी १९१२ साली ते बनवले आणि त्या वर्षी सुरू झालेल्या तैशो राजवटीवरून त्याचे नाव पडले 'तैशोगोतो'. जपानातून ते हिंदुस्थानात आले आणि आमच्याकडच्या वरातींत, गणपतीच्या मिरवणुकींत असे काही रुळले, की ते परके आहे हे सांगूनही कुणाला पटू नये.

आमच्या गल्लीतले बेंजोवाले मामा दिवसा शिलाई मशीन चालवत. त्यांच्याकडे तपकिरीची एक रिकामी डबी होती, तिच्यात त्यांच्या नख्या. विकतची एकही नाही. फुटक्या प्लॅस्टिकच्या बादलीचा कापलेला तुकडा, जुन्या कंगव्याची पाठ, एक्स-रेच्या फिल्मची पट्टी आणि म्हशीच्या शिंगाचा घासून घासून काचेसारखा केलेला एक तुकडा. यांतले काहीही कुठेही वापरायचे नाही, असा त्यांचा दंडक. मिरवणुकीला शिंग, देवळातल्या भजनाला बादली आणि आम्हा शिकाऊ पोरांच्या हाती एक्स-रेची पट्टी. त्या पट्टीने कितीही जोर काढला तरी तार तुटत नसे. मी एकदा विचारले, "मामा, शिंग द्या की." तर म्हणाले, "आधी हात नीट हू दे. तार मारायची न्हाई रं, सोडायची असती."

मामा चौथी शिकलेले. पण या एका वाक्यात तारेचे सगळे विज्ञान आहे. नखी तारेला आपटते तेव्हा आवाज होतो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात नखी तारेला आधी बाजूला ओढते, तार ताणली जाते, आणि नखीच्या टोकावरून ती निसटते त्या क्षणी सूर सुरू होतो. म्हणजे तार किती दूर ओढली गेली आणि किती झटकन सुटली, या दोन गोष्टींवर नखीची सारी करामत चालते.

पहिली गोष्ट जाडीची. पट्टीची जाडी दुप्पट केली की तिचा ताठपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. हा नियम घरातल्या फळीलाही लागू आहे आणि नखीलाही. अर्धा मिलिमीटर आणि एक मिलिमीटर यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही, पण हाताला लगेच कळतो तो यामुळे. पातळ नखी तारेला टेकली की स्वतःच वाकते आणि तार फारशी ताणली जाण्याआधीच निसटते. म्हणून तिचा सूर हलका, खालच्या भरदारपणाला कमी. शिवाय वाकलेली नखी परत सरळ होताना स्वतःचा 'टिक' असा आवाज करते. पण तिचा एक मोठा गुण आहे. हात कमीजास्त पडला तरी ती ठरावीक मर्यादेपलीकडे जोर तारेपर्यंत पोहोचूच देत नाही. त्यामुळे सहाही तारांवरून झरझर हात फिरवून गाण्याला साथ करायची असेल, तर पातळ नखीने आवाज एकसारखा येतो. शिकाऊ पोरांना एक्स-रेची पट्टी देण्यामागचे इंगित हेच होते.

जाड नखी वाकत नाही. हात जेवढा जोर देईल तेवढा तारेला मिळतो. सूर भरदार, खर्ज दमदार, आणि एकेक स्वर काढायला ताबा चांगला. मात्र हाताचा दोषही तितकाच स्पष्ट ऐकू येतो. मँडोलिनवाले, भरभर ताना घेणारे गिटारवाले दीड मिलिमीटरपर्यंतच्या नख्या वापरतात ते यामुळे.

दुसरी गोष्ट टोकाची, आणि माझ्या मते ती जाडीइतकीच महत्त्वाची असून तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. टोक अणकुचीदार असेल तर तार एका बिंदूवर तुटकपणे सुटते; सुरात वरचे स्वरांश भरपूर उमटतात, आवाज झगझगीत होतो. टोक गोल असेल तर तार त्यावरून घसरत सुटते. वरचे स्वरांश कमी होतात, आवाज मऊ होतो. हे पाहायला नवीन नखी नको. आहे तीच फिरवा आणि तिच्या गोल खांद्याने वाजवा. तीच गिटार, तीच तार, पण आवाजावर जणू गोधडी पांघरल्यासारखे वाटेल.

तार कुठे छेडता, यालाही अर्थ आहे. इंग्रज शास्त्रज्ञ टॉमस यंग यांनी १८०० सालीच दाखवले होते, की तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या स्वरांशाची तार स्थिर असते तो स्वरांश सुरातून गायब होतो. म्हणून घोडीजवळ आवाज तिखट आणि तारेच्या मध्याकडे गोड. गंमत म्हणजे आपल्या वीणेने आणि तंबोऱ्याने हा नियम मोडला, आणि तो मोडलेला दाखवला चंद्रशेखर वेंकट रामन यांनी. १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात त्यांनी मांडले, की या वाद्यांच्या घोडीच्या वक्र पृष्ठभागामुळे जे स्वरांश उमटायला नकोत तेही उमटतात. हीच ती जवारी. आमच्यापासून फार दूर नसलेल्या मिरजेत दीडशेहून अधिक वर्षे सतारी आणि तंबोरे बनतात, तिथले कारागीर ही जवारी कानाने ऐकत कानशीने घासून काढतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. सतारीचा झगमगाट असा घोडीतच तयार असतो, म्हणून तिला पोलादी तारेची कडक नखी शोभते. तोच स्पष्टपणा जवारीला जागा करतो. सरोदाची गोष्ट वेगळी. त्याच्या तारांखाली कातडे, पट्टी पोलादाची, आवाज मुळातच कणखर. तिथे करवंटीचा जवा योग्य ती धार देतो आणि कर्कश होऊ देत नाही.

आता पदार्थाकडे वळू. पूर्वी युरोप-अमेरिकेत उत्तम नखी म्हणजे कासवाच्या पाठीची, असे समीकरण होते. हॉक्सबिल या समुद्री कासवाच्या कवचाची. ते कवच केराटिनचे असते. आपले नखही केराटिनचे आणि मामांचे म्हशीचे शिंगही केराटिनचेच! फिरून फिरून माणूस नखापाशीच आला म्हणायचा. पण चष्म्याच्या चौकटी, कंगवे, डब्या आणि या नख्या यांपायी ही कासवे बेसुमार मारली गेली. वन्य प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार १९७५ साली अमलात आल्यावर हा व्यापार हळूहळू बंद करण्यात आला. आपल्याकडे अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपच्या समुद्रात हे कासव आढळते आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात त्याचे नाव आहे. तेव्हा कुणी 'अस्सल कासवाची नखी' म्हणून पुढे केलीच, तर हात मागे घ्यावा.

कासवाची जागा घेतली सेल्युलॉइडने. कोल्हापूरकरांना हा शब्द सिनेमामुळे ठाऊक; १९२९ साली इथे 'प्रभात' उभी राहिली तेव्हा चित्रपटाच्या फिती याच कुळातल्या, चटकन पेट घेणाऱ्या असत. न्यूयॉर्कच्या लुइगी डी'अँड्रिया यांनी १९२२ पासून सेल्युलॉइडच्या नख्या विकायला सुरुवात केली आणि त्यांवर कासवाच्या पाठीसारखी नक्षीही आणली. आवाज उबदार, पण लवकर झिजते. मग आले नायलॉन : लवचीक, मऊ आवाजाचे, थोडे निसरडे, आणि हवेतले पाणी शोषून आणखी मऊ होणारे. आमच्याकडच्या पावसाळ्यात हे ध्यानात ठेवलेले बरे. १९८१ साली डनलॉप कंपनीने डेल्रिन नावाच्या कडक प्लॅस्टिकच्या 'टॉर्टेक्स' नख्या काढल्या. नाव कासवावरून, कासव मात्र त्यात नाही. जाडीप्रमाणे त्यांचे रंग ठरलेले : नारिंगी ०.६०, पिवळी ०.७३, हिरवी ०.८८ मिलिमीटर. पृष्ठभाग पावडर लावल्यासारखा कोरडा, त्यामुळे घामेजल्या बोटांतून सटकत नाही. धातूची नखी वापरणारेही आहेत. 'क्वीन' या वाद्यवृंदाचे ब्रायन मे सहा पेन्सच्या जुन्या नाण्याने वाजवतात आणि त्याच्या कडेची खरखर त्यांच्या सुरात ऐकू येते.

हे सगळे पुराण सांगायचे कारण माझी आठवीतली पुतणी. गेल्या वर्षी उसाचे बिल आल्यावर भावाने तिला गिटार घेतली. तीन आठवड्यांत तिने ती भिंतीला टेकवून ठेवली. "काका, अंगठा दुखतोय, आणि आवाज पण नुसता टकटक येतोय." भाऊ म्हणाला, वाद्यच हलके लागले, विकून टाकू. घरात दहा रुपयांचा हिशेब ठेवणारा माणूस, त्याच्या मनाला ते लागले होते. मी पिशवीतली 'फ्री' नखी पाहिली. दीड मिलिमीटर जाड आणि गारगोटीसारखी गुळगुळीत. ती बोटांतून निसटे, म्हणून पोर आवळून धरी. आवळून धरली की मनगटापर्यंत सगळा हात ताठ. आणि ताठ हाताने ताठ नखी तारांवर आपटायची. दुखणार नाही तर काय?

कोल्हापूरहून चार वेगवेगळ्या जाडीच्या नख्या आणल्या, सगळ्या मिळून शंभर-सव्वाशे रुपये. तिला पाठमोरी बसवून मी एकेक वाजवली. संगीताचा गंध नसलेल्या तिच्या आजीनेसुद्धा पातळ कोणती आणि जाड कोणती ते न पाहता ओळखले. शेवटी गाण्याच्या साथीला नारिंगी आणि एकेक स्वर वाजवायला हिरवी, असे तिचे तिने ठरवले. नखी किल्लीसारखी धरायची, तर्जनीच्या कडेवर ठेवून अंगठा हलका, आणि टोक बोटांबाहेर जेमतेम अर्धा सेंटिमीटर, एवढेच मी सांगितले. आठ-दहा दिवसांत अंगठ्याची तक्रार थांबली. (दुखणे तरीही राहिले असते, तर मी तिला डॉक्टरांकडेच नेले असते.) गिटार अजून घरात आहे आणि शेजारी आता जरा कमी तक्रार करतात.

मामांच्या बेंजोची मात्र रया गेली. मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंती आल्या आणि छाती हादरवणाऱ्या त्या दणक्यापुढे शिंगाची नखी काय करणार? ज्या पार्ट्या टिकल्या त्यांनी बेंजोला पिकअप बसवला. चुंबकी पिकअप फक्त पोलादी तारेची थरथर ऐकतो. नखीची हवेतली टकटक त्याला ऐकू येत नाही. त्यामुळे कोणत्या नखीने काय साधायचे, याचा जुना हिशेबही थोडा बदलला. आवाज मोठा करायचे काम यंत्राकडे गेले, हाताकडे उरला तो तारेच्या सुटण्यातला नेमकेपणा. मामा आता वाजवत नाहीत, पण पुतणीची हिरवी नखी त्यांनी दातांत धरून, वाकवून, उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "बरी हाय. पर कड घासाय पायजे."

नवी नखी विकत घेण्याआधी प्रयोग करून पाहायचा असेल, तर मुदत संपलेले बँकेचे कार्ड शोधा. त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर ठरलेली असते, म्हणजे मध्यम नखीएवढी. चिप आणि काळी पट्टी असलेला भाग आधी कापून, बारीक तुकडे करून टाकून द्यावा. उरलेल्यातून त्रिकोण कापा, कोपरे किंचित गोल करा आणि कड बारीक पॉलिश पेपरवर, मग जुन्या जीनच्या कापडावर घासा. एकाच कार्डात दोन आरामात निघतात.