पिलू कोणाच्या घरी द्यायचे?

कचेरीतून घरी येताना स्टेशनबाहेर गटाराच्या कडेला भिजलेले पिलू दिसते. मुले हट्ट धरतात, आपलेही मन विरघळते आणि पिलू घरात येते. इथवरचे काम कोणीही करतो. कायम ठेवणे जमणार नसेल तर ते बरे करून द्यायचे कोणाला, हा प्रश्न पुढचा. वाचकहो, आज त्याविषयीच दोन शब्द.

गेली काही वर्षे आम्ही अशी पिले, अपघातात सापडलेली कुत्री आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तात्पुरती सांभाळतो. एका वेळी एकच. नोकरी, समाजाची कामे आणि मुलांच्या परीक्षा यांतून जास्त झेपत नाही. "आपल्यालाच जागा पुरत नाही, त्यात हे श्रीमंतांचे थेर कशाला?" असे चाळीत अनेकांनी सुनावले. त्यांना आम्ही राजगृहातला १९३४ सालचा फोटो दाखवतो. बाबासाहेब, रमाई, यशवंतराव अशा घरच्या मंडळींबरोबर त्यात टॉबी हा कुत्राही आहे. मग सहसा कोणी काही बोलत नाही.

सुरुवातीला आमच्या हातून एक चूक झाली, ती सांगितलीच पाहिजे. मागचा पाय मोडलेली एक तांबडी कुत्री आम्ही दोन महिने सांभाळली. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात फेऱ्या घातल्या, हळद घातलेला भात भरवला. ती नीट चालू लागली तेव्हा ओळखीच्या एका गृहस्थांनी तिला मागितले. मोठे घर, पुढे अंगण. आम्ही हरखलो आणि काही न विचारता पट्टा त्यांच्या हाती दिला. तीन आठवड्यांनी सहज गेलो तर ती मागच्या दाराशी आखूड साखळीला बांधलेली, मानेला जखम. घरातली माणसे सकाळी जात ती रात्रीच येत. "फार भुंकते हो, तुमचे तुम्ही घेऊन जा," म्हणाले. आम्ही आणली. चार दिवस ती कॉटखालून बाहेर आली नाही. आमची धाकटीही तेवढे दिवस आमच्याशी बोलली नाही.

तेव्हापासून आम्ही विचारायला लागलो. दिवसा घरी कोण असते? घरातल्या सगळ्यांची संमती आहे का? खोली भाड्याची असेल तर मालकाला सांगितले का? सुट्टीत गावी गेलात तर कुत्र्याचे काय? नसबंदी करून घ्याल का? आणि रोज फिरवणार कोण? या शेवटच्या प्रश्नाला घरातला मुलगा छाती काढून "मी" म्हणतो. पण दहावीचे वर्ष आले की काम आईच्याच गळ्यात पडते, म्हणून आम्ही आधी आईशी बोलतो. ताई "नको" म्हणाल्या तर तिथे कुत्रे देत नाही, मग कोणाला कितीही राग येवो.

आपल्या बाजूनेही लपवाछपवी नको. फटाक्यांना घाबरतो, मांजर दिसले की धावतो, एकदा पाहुण्याला चावला आहे, जे असेल ते स्पष्ट सांगावे. कुत्र्याचा स्वभाव रस्त्यावर कळत नाही, घरात राहिल्यावर कळतो. तात्पुरत्या घराचा मोठा उपयोग हाच.

आरोग्याचेही थोडे. आठ आठवड्यांच्या आत पिलू आईपासून तोडू नये. आणलेले नवे पिलू दोन आठवडे इतर कुत्र्यांपासून दूर ठेवावे. उलट्या, रक्ताचे जुलाब दिसले तर ती पार्वोची लक्षणे असू शकतात, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात, पुढे चार महिन्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्याव्या लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. पिलू चावले, ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच सरकारी दवाखान्यात जावे. हळद-चुन्यावर भागवू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य.

पण दिसेल ते कुत्रे उचलू नये. गल्लीने जगवलेले, धडधाकट कुत्रे तिथलेच असते. त्याची नसबंदी करून, लस टोचून त्याला त्याच जागी सोडावे, असे २०२३ च्या केंद्राच्या नियमांत आहे. सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली. मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. आमची पट्टा देण्याची घाई तेव्हापासून आणखी कमी झाली.

तांबडीला शेवटी घर मिळाले ते आमच्याच मागच्या चाळीत. निवृत्त कंडक्टर काका आणि मावशी, एकच खोली, पण दिवसभर माणूस घरात. आधी आठ दिवस बघा, नाही जमले तर लाज न बाळगता परत आणा, असे आम्ही सांगून ठेवले होते. नवव्या दिवशी काका एकटेच आले, तिची थाळी मागायला. महिन्याभराने आम्ही गेलो तेव्हा तिने धाकटीचा हात चाटला आणि परत मावशींच्या पायाशी जाऊन बसली. धाकटी वाटभर रडली.

सध्या आमच्याकडे एक काळे पिलू आहे. त्याची दुसरी लस व्हायची आहे. तोवर कृपा करून कोणी मागू नये.