हिमनदीचे दप्तर

हिमनदी वितळून गेली म्हणजे मागे काहीच उरत नाही, मग हजारो वर्षांपूर्वी ती अमुक जागेवरून मागे हटली असे शास्त्रज्ञ कोणत्या आधारावर सांगतात, असा एका वाचकाचा रास्त प्रश्न आहे. परंतु हिमनदी आपले दप्तर बरोबर नेत नाही. वाहून आणलेल्या दगडमातीचा बांध, म्हणजे हिमोढ, तिने जेथे टाकला, तीच तिच्या त्या काळच्या मुलखाची सरहद्द होय.

हे दप्तर वाचणाऱ्या पहिल्या काही जणांत झां-पिएर पेरोदँ हा स्वित्झर्लंडच्या बान्य खोऱ्यातील एक रानबोकडांचा शिकारी होता. सहजी न झिजणाऱ्या खडकांवरील ओरखडे पाहून, हे सारे खोरे पूर्वी बर्फाने व्यापलेले असले पाहिजे, असा त्याने काढलेला निष्कर्ष १८१५ साली मिठाच्या खाणींचे संचालक झां द शारपांतिए यांच्या कानी पडला, तेव्हा तो त्यांना तपासण्याच्याही लायकीचा वाटला नाही. सरकारी अभियंते इग्नात्स व्हेनेत्स यांनी मात्र तोच विचार पुढे नेऊन १८२९ साली विद्वत्सभेत मांडला, त्यांच्यामुळे शारपांतिए पालटले, आणि १८३६ साली साशंक मनाने भेटीस आलेले निसर्गशास्त्रज्ञ लुई आगासीझ शारपांतिए यांच्यामुळे पालटले. १८४० साली आगासीझ यांचा ग्रंथ निघाला आणि हिमयुगाच्या कल्पनेची कीर्ती प्रामुख्याने त्यांच्या नावे जमा झाली. शिकाऱ्याचा उल्लेख झालाच तर तळटीपेत!

सरहद्द कळली तरी तारीख उरतेच. बर्फाखालून उघड्या पडलेल्या शिळेतील गारेवर विश्वकिरणांचा मारा होऊन बेरिलियम-१० हे समस्थानिक अत्यंत मंद गतीने साचू लागते. अंगणात उघड्यावर ठेवलेले भांडे किती भरले यावरून पाऊस किती वेळ पडला हे ताडावे, तसे त्या अणूंच्या गणतीवरून शिळेच्या उघड्या आयुष्याचे मान काढता येते. अर्थात शिळा मागाहून कलंडली किंवा मातीखाली दीर्घकाळ दडून राहिली असेल तर हिशोब चुकतो, म्हणून एकाच हिमोढावरील अनेक शिळांची जबानी घ्यावी लागते.

एवढे करूनही हाती येते ती तारीख, तापमान नव्हे. हिमनदी उष्णतेने आटते, तशी हिमवर्षाव घटल्यानेही आटते. या दोहोंचा वाटा ठरवण्यास सरोवरांच्या गाळातील परागकणांसारखा स्वतंत्र दाखला लागतो. तेव्हा एका हिमोढावरून प्राचीन तापमान अंशाअंशाने सांगणारी बातमी वाचली, तर हिमवर्षावाचा हिशोब कोठे आहे, असे वाचकाने खुशाल विचारावे.