उद्याच्या गाडीत काल किती असावा?

मोटार प्रदर्शनातल्या फिरत्या चबुतऱ्यावर उभी असलेली कॉन्सेप्ट कार विकायची नसते. तिला नंबरप्लेट नसते आणि पुष्कळदा चालण्याजोगं इंजिनही नसतं. उत्पादनाचा खर्च, अपघात-चाचण्या, रस्त्यावरचे खड्डे अशा सगळ्या काळज्यांतून तिला तात्पुरती सूट मिळालेली असते. ‘उद्या आम्ही असं काही केलं तर तुम्हाला आवडेल का?’ असं कंपनी तिच्या तोंडून लोकांना विचारते. गेल्या तीसेक वर्षांत मात्र उद्याच्या या गाड्या वारंवार मागे वळून पाहत आल्या आहेत. बीटल, मिनी, फियाट ५००, रेनॉ ५ आणि आपली टाटा सिएरा ही त्यातली ठळक नावं. या सगळ्या प्रयोगांकडे एकत्र पाहिलं की एक गोष्ट स्पष्ट होते. जुन्या गाडीचा चेहरा उसना घेणं सोपं आहे. तो चेहरा ज्या कारणाने तसा घडला, ते कारण ओळखणं अवघड आहे. वारसा त्या कारणात असतो.

१९३८ : एक गाडी आणि दोन मुलगे

१९३८ हे साल या कथेत दोनदा येतं. त्या वर्षी जनरल मोटर्सच्या हार्ली अर्ल यांनी ‘ब्युइक वाय-जॉब’ तयार केली. पहिली कॉन्सेप्ट कार हा मान सहसा तिलाच दिला जातो. हेडलाइट आत दडलेले, दारांच्या कड्या अंगाशी सपाट बसवलेल्या, काचा विजेवर वरखाली होणाऱ्या. अर्ल मूळचे हॉलिवूडचे. चित्रपटांतल्या धनिकांसाठी गाड्यांची खास अंगं बांधण्याचा त्यांचा घरचा व्यवसाय होता. पूर्ण आकाराची गाडी आधी क्लेमध्ये घडवून पाहण्याची रीत त्यांनी या उद्योगात रुजवली. आज संगणकाच्या पडद्यावर सगळं दिसत असूनही मोठ्या डिझाइन स्टुडिओंमध्ये क्लेचे नमुने घडतातच, कारण पत्र्यावरून प्रकाश कसा घरंगळतो हे हात फिरवल्याशिवाय पुरतं कळत नाही.

पुढे १९४९ ते १९६१ या काळात जनरल मोटर्सची ‘मोटोरामा’ प्रदर्शनं गाजली. १९५३च्या जानेवारीत न्यू यॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात मांडलेली कॉर्व्हेट लोकांना इतकी आवडली की त्याच वर्षी ती कारखान्यातून बाहेर पडू लागली. गॅस टर्बाइनवर चालणाऱ्या ‘फायरबर्ड’ गाड्या मात्र प्रदर्शनापुरत्याच राहिल्या. अर्ल यांच्या काळातल्या कॅडिलॅकचे शेपटीचे पंख पी-३८ या लढाऊ विमानावरून सुचले होते. म्हणजे आज आपण ज्याला ‘क्लासिक’ म्हणतो, ते त्या वेळी त्या काळातल्या सर्वांत नव्या यंत्राकडे पाहून घडलं होतं.

त्याच १९३८च्या ऑगस्टमध्ये इटलीत दोन मुलगे जन्मले : जॉर्जेत्तो जुजारो आणि मार्चेल्लो गांदिनी. दोघेही पुढे तुरिनच्या बर्तोने या स्टुडिओत आले. १९६५मध्ये जुजारो बाहेर पडले आणि त्यांची जागा गांदिनींनी घेतली. या स्टुडिओची परंपरा आधीपासूनच धाडसाची होती. १९५३ ते १९५५ या तीन वर्षांत फ्रँको स्कालिओने यांनी अल्फा रोमिओसाठी ‘बॅट’ मालिकेतल्या तीन गाड्या केल्या. त्यातल्या बॅट ७चा हवेच्या विरोधाचा गुणांक अवघा ०.१९ इतका सांगितला जातो. विजेच्या गाड्यांचे डिझायनर आजही असा आकडा गाठण्यासाठी धडपडतात.

गांदिनींनी १९६८च्या ‘काराबो’त गाडीला पाचरीचा आकार दिला. १९७०ची ‘स्ट्रॅटोस झीरो’ जमिनीपासून जेमतेम ८४ सेंटिमीटर उंच होती आणि तिच्यात शिरायचं तर समोरची काचच उचलावी लागे. १९७१मध्ये जिनिव्हात लॅम्बोर्गिनी काउंटाशचा पहिला नमुना आला. जुजारोंनी हीच धारदार रेषा सामान्यांच्या गाडीत उतरवली. १९७४ची फोक्सवॅगन गोल्फ त्यांचीच. घडी घातलेल्या कागदासारखा तिचा सरळ पत्रा दिसायला नवा होता आणि आतली जागाही वाया घालवत नव्हता.

आठवणींची लाट

मागे वळून पाहण्याची लाट आधी जपानमध्ये उठली. निसानने १९८७मध्ये ‘बी-वन’ आणि नंतर ‘पाओ’ व ‘फिगारो’ या गोलसर गाड्या मर्यादित संख्येत काढल्या आणि मागणी एवढी आली की सोडत काढावी लागली. १९९४मध्ये डेट्रॉइटला फोक्सवॅगनने ‘कॉन्सेप्ट वन’ मांडली. जे मेज आणि फ्रीमन थॉमस यांनी कॅलिफोर्नियात चितारलेली ही गाडी म्हणजे तीन कमानींत पुन्हा रेखलेली बीटल. स्वागत एवढं झालं की कंपनीला ‘न्यू बीटल’ काढावीच लागली.

पण मूळ बीटलचा आकार काही हौसेने आलेला नव्हता. इंजिन मागे, ते हवेवर थंड होणारं, पुढे रेडिएटर नाही, म्हणून नाक उतरतं आणि पाठ गोल. नव्या गाडीचा सांगाडा गोल्फचा होता आणि इंजिन पुढे. कमान जपायची म्हणून समोरची काच ड्रायव्हरपासून फार लांब गेली, डॅशबोर्ड मैदानासारखा पसरला आणि मागे बसणाऱ्याचं डोकं छताला टेकू लागलं. डॅशबोर्डवर फुलदाणी होती, पण जनसामान्यांची स्वस्त गाडी हा मूळ विचार मात्र हरवला होता. पुण्यातल्या पेठांत कधी वाड्याचा दिंडी दरवाजा तेवढा जपतात आणि मागे काँक्रीटची इमारत उभी करतात. दरवाजा खराच असतो, पण ज्या चौकातून घरात उजेड आणि वारा यायचा तो चौक उरत नाही. न्यू बीटलचं तसंच झालं.

मिनीचा हिशेब मधला आहे. १९५६च्या सुएझ पेचामुळे पेट्रोल टंचाई आली आणि ॲलेक इसिगोनिस यांनी इंजिन आडवं बसवून, चाकं चार कोपऱ्यांत ढकलून १९५९मध्ये सव्वातीन मीटरहूनही आखूड गाडीत चार माणसं बसवली. २००१ची नवी मिनी बरीच मोठी झाली आणि तरीही मागची सीट अडचणीचीच राहिली. पण चाकं कोपऱ्यांतच राहिल्याने वळणावरची तिची चपळाई टिकली. फियाट ५०० याहून सरस ठरली. १९५७ची दान्ते जाकोसांची गाडी इटलीतल्या अरुंद गल्ल्यांसाठी होती आणि पोलादाची बचत व्हावी म्हणून तिचं छत कापडी होतं. रोबेर्तो जोलितो यांची ‘त्रेपियुनो’ ही कॉन्सेप्ट २००४मध्ये आली आणि तिच्यावरून घडलेली नवी ५०० मूळ गाडीला पन्नास वर्षं झाली त्याच दिवशी, ४ जुलै २००७ रोजी बाजारात उतरली. इंजिन मागून पुढे आलं, तरी शहरातली छोटी गाडी हा तिचा धर्म सुटला नाही.

गांदिनींचा नकार, जुजारोंचा होकार

२०२१मध्ये लॅम्बोर्गिनीने काउंटाशच्या पन्नाशीनिमित्त त्याच नावाच्या ११२ नव्या गाड्या जाहीर केल्या. तेव्हा ८३ वर्षांच्या गांदिनींनी जाहीर निवेदन काढून आपला त्या गाडीशी संबंध नसल्याचं सांगितलं. प्रत्येक नव्या गाडीने आधीची चौकट मोडावी हेच आपलं तत्त्व होतं, जुन्याची पुनरावृत्ती त्याच्या विरुद्ध जाते, असा त्यांचा मुद्दा होता. काउंटाशशी इमान राखायचं तर काउंटाशसारखं काही करायचं नाही, हा त्यातला तर्क मला फार मोलाचा वाटतो.

जुजारोंची वाट वेगळी. १९७४च्या तुरिन प्रदर्शनात ह्युंदाईने त्यांनी रेखलेली ‘पोनी कूपे’ मांडली. ती कधीच उत्पादनात आली नाही आणि तिचा मूळ नमुनाही पुढे हरवला. ४५ वर्षांनी, २०१९मध्ये, कंपनीने ‘४५’ याच नावाची कॉन्सेप्ट आणली आणि तिच्यावरून २०२१ची आयोनिक ५ घडली. सरळ कडा आणि तिरपी घडी पोनीची. पण गोल डोळे, क्रोमच्या पट्ट्या यांचा मोह तिथे नाही. दिवे चौकोनी पिक्सेलचे आहेत आणि फरशीखालच्या बॅटरीमुळे पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर तीन मीटर झालं आहे. ह्युंदाईने जुजारोंनाच बोलावून हरवलेली पोनी कूपे पुन्हा बांधून घेतली आणि २०२३मध्ये कोमो सरोवराकाठी ती लोकांसमोर आली.

विजेच्या गाड्यांनी या प्रश्नाला आणखी एक वळण दिलं आहे. मोटर लहान असते आणि ती कुठेही बसते. त्यामुळे एके काळी मागच्या इंजिनाने घडवलेले आकार पुन्हा खरे ठरू लागले आहेत. २०१७च्या कॉन्सेप्टवरून आलेल्या फोक्सवॅगनच्या ‘आयडी. बझ’मध्ये जुन्या मायक्रोबससारखीच शक्ती मागच्या चाकांकडे आहे आणि डबा प्रशस्त आहे. रेनॉ ५ने आणखी बारीक काम केलं. १९७२च्या मूळ गाडीच्या बॉनेटवर हवेसाठी झरोका होता. नव्या गाडीला त्या झरोक्याची गरज नाही, म्हणून त्याच जागी बॅटरीचं चार्जिंग दाखवणारा दिवा आला. मूळ गाडी रेखणारे मिशेल बुए तिचं यश पाहण्याआधीच गेले. त्यांच्या रेषेला अर्ध्या शतकानंतर नवं काम मिळालं, आणि २०२५चा ‘युरोपियन कार ऑफ द इयर’ हा मानही.

आपल्याकडचा वारसा

आपल्याकडे वारशाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. कुर्ल्यात बनलेली आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून लाडकी झालेली प्रीमियर पद्मिनी मुळात फियाट ११०० होती. अॅम्बेसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड. महिंद्रांनी १९४७मध्ये विलिस जीप जुळवायला सुरुवात केली आणि त्या घराण्यातली थार आज घरोघरच्या तरुणांना हवी आहे. पण त्याच परंपरेतली महिंद्रांची ‘रॉक्सर’ अमेरिकेत गेली तेव्हा जीपच्या मालकांनी तिच्या रूपावर हक्क सांगितला आणि २०२०मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने तो मान्य केला. महिंद्रांना गाडीचं तोंड बदलावं लागलं. प्रेम सत्तर वर्षांचं असलं तरी मालकी दुसऱ्याची असू शकते.

म्हणूनच सिएराचं महत्त्व. १९९१मध्ये पुण्याच्या टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, टेल्कोलाइन पिकअपच्या सांगाड्यावर ही तीन दारांची गाडी काढली. मागच्या प्रवाशांना दार नव्हतं, म्हणून त्यांना मोठी, टपाकडे वळणारी काच दिली. गरजेतून निघालेलं हे उत्तर तिची ओळख ठरलं. २०२०च्या ऑटो एक्स्पोत टाटांनी सिएराची कॉन्सेप्ट मांडली आणि २०२५च्या नोव्हेंबरात नवी सिएरा बाजारात आली. आता तिला मागची दारं आहेत, त्यामुळे त्या काचेचं मूळ कारण उरलेलं नाही. वळणाचा आभास चकचकीत काळ्या भागाने साधला आहे. तरी मागे बसणाऱ्याला मोकळं आभाळ आणि उजेड मिळावा हा हेतू तिच्यात शाबूत आहे. म्हणून मी तिला नकलेच्या खात्यात टाकणार नाही.

आज पिनिनफारिना हा तुरिनचा नामवंत स्टुडिओ महिंद्रांच्या मालकीचा आहे आणि जग्वार लँड रोव्हर टाटांची. जगाचा वारसा आपण विकत घेतला, आपला स्वतःचा मात्र अजून नीट नोंदलेलाही नाही. चिंचवड, नाशिक, कांदिवलीच्या कारखान्यांत गेल्या पन्नास वर्षांत किती रेखाटनं, क्लेचे किती नमुने, नाकारलेल्या किती गाड्या झाल्या असतील! नाकारलेल्या गाड्यांतच पुढच्या पिढीचं बी असतं, हे पोनी कूपेने दाखवलं आहे. कंपन्यांनी हे साहित्य जपावं, अभ्यासकांना खुलं करावं आणि पवईच्या आयआयटीतल्या आयडीसीसारख्या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांतल्या विद्यार्थ्यांनी त्या रेषांसोबत त्यांच्यामागची कारणंही शिकावीत. जुनं रूप कुणीही उचलू शकतो. ते का घडलं हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ते बदलण्याचा अधिकार मिळतो.